जुन्या गिटारमधली हाक

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात. शनिवारी, टळटळीत दुपारी.

भूत म्हटलं की लोक रात्र धरून बसतात. इथे खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

त्याला सगळे बाळ्या म्हणतात. गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारतो. भंगारवाल्याकडून त्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार उचलून आणली. मान वाकलेली, खुंट्या गंजलेल्या, अंगावर रंगाचे थरावर थर.

"कसलं मढं आणलंस रे घरात?" मावशी पलंगावरून म्हणाली. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगालाच खिळली होती.

"बघच, जिवंत करून दाखवतो!" बाळ्या हसला.

त्याने मान सरळ केली, खुंट्या बदलल्या, नव्या तारा चढवल्या. तारांखालचे चुंबक, ज्यांना पिकअप म्हणतात, तेवढे जुनेच ठेवले. मग गिटार स्पीकरला जोडली.

खरखर... मग शांतता...

मग स्पीकरमधून मावशीचा आवाज.

"बाळ्या... धर रे मला..."

तो धावत शेजारच्या खोलीत गेला.

मावशी गाढ झोपली होती.

"झोपेत बरळली असेल," त्याचा ऑर्केस्ट्रातला मित्र म्हणाला. "जुने पिकअप खोलीतलं बोलणंसुद्धा पकडतात."

पण पुन्हा तेच. मावशी टक्क जागी, ओठ मिटलेले... आणि स्पीकरमध्ये तिची हाक.

बाळ्याच्या सारख्या धावपळीने मावशीच वैतागली. "मरायला लागले की सांगेन हो! तोवर जिवाला जरा चैन पडू दे."

बाळ्याने धावणं सोडलं.

त्या शनिवारी त्याची बायको बाजारात गेली होती. बाळ्या गिटार रंगवत होता. जुने थर खरवडून त्याने गडद लाल रंग चढवला होता. आता वरचा, चकाकीचा शेवटचा हात चालला होता. मध्येच थांबलं तर डाग राहतो.

"बाळ्या... धर रे मला..."

त्याने मान वर केली नाही.

"बाळ्या..."

"गप बस!" तो ओरडला. "एकदाची गप बस की!"

आवाज बंद झाला...

त्याने हात पुरा केला. अगदी आरशासारखा. मग त्याची नजर टेबलाकडे गेली.

पिकअप सुटे करून डब्यात ठेवलेले. स्पीकरची वायर काढलेली...

तो शेजारच्या खोलीत धावला. मावशी पलंगाजवळ जमिनीवर पडली होती. डोक्याखाली रक्त. अंग अजून गरम.

एका हाताने तिने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

मुलाने गप बस म्हटलं होतं ना.

भेटायला आलेली माणसं पांगली, तशी बाळ्याने गिटार पुन्हा जोडायला घेतली. मी चिडलो. "फोडून टाक ती!"

"एकदा तरी हाक मारेल," तो म्हणाला. "या वेळी जाईन मी."

रोज संध्याकाळी तो स्पीकर लावून बसतो. नुसती खरखर येते. बाकी काही नाही.

परवा वहिनीचा फोन आला.

"भावजी, मी स्वयंपाकघरात असले की ह्यांची हाक येते. 'ये ना... धर मला...' धावत जाते, तर हे मुकाट बसलेले. म्हणतात, मी कुठे हाक मारली?"

मी विचारलं, "मग?"

"मग काय..." ती म्हणाली. "आता मी जात नाही."