डाव्या बाजूचा बोल्ट

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा काका आहे, आणि साधी थाप मारायची म्हटली तरी त्याचे कान लाल होतात.

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती. जागा म्हणजे काकाच्या घरामागचं गॅरेज. पत्र्याचं छप्पर, भिंतीला टांगलेले पाने, आणि गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून फरशीत खणलेला खड्डा.

त्या खड्ड्यावर उभी होती म्हातारी.

म्हातारी म्हणजे काकाची गाडी. वयाने काकाच्या पाठीला पाठ लावून आलेली. "घरात म्हाताऱ्या दोन, पण लाड एकीचेच," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

काकू आता नाही.

शेवटी शेवटी तिची हाडं इतकी दुखायची, की चाकाखाली खडा आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. "दवाखाना सोडून कुठेतरी न्या हो मला एकदा," ती काकाला म्हणाली होती. "पण तुमच्या म्हातारीला सांगा, धक्के नकोत."

काकाने शब्द दिला. नवे मऊ स्प्रिंग आणि नवे शॉकअब्सॉर्बर मागवले.

खोकं आलं, तेव्हा दारात भेटायला आलेल्यांच्या चपलांचा ढीग होता.

बरेच दिवस ते कोपऱ्यात तसंच पडून राहिलं. सगळे म्हणाले, विकून टाक गाडी. काका म्हणाला, "शब्द दिलाय." आणि त्याने जॅक लावला.

जुने स्प्रिंग निघाले, नवे बसले. उरलं शेवटचं काम. सांध्यांत धक्के झेलणाऱ्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के करत नाहीत. गाडी चाकांवर उतरवायची, आत माणूस बसवायचा, त्याच्या वजनाने ती दबेल तेवढी दबू द्यायची आणि मग खालून कसायचं. नाहीतर रबर पिळून फाटतं.

हे बसायचं काम आयुष्यभर काकूचं. ती शेजारच्या सीटवर मटार सोलत बसायची. तेलाचा वास नको म्हणून काच खाली करायची. नीट बसली, की टाच दोनदा आपटायची. म्हणजे, कसा आता. मग खालून काका ओरडेपर्यंत, "झालं, उतर!", ती जागची हलायची नाही.

"मी काय तुमचं वजनाचं माप आहे का?"

"इतकं खात्रीचं माप बाजारात मिळत नाही."

त्या दुपारी काकाने वाळूची पोती आणली. उजवीकडचं काम उरकलं. डावीकडे मात्र हात धजेना. तिच्या जागी पोतं कसं टाकायचं? त्याने पोती नेऊन गॅरेजच्या दारापाशी ठेवली. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये सवयीने हात घालून पाहिला. चार बोटं. रिकाम्या गाडीचं माप. मग तो खड्ड्यात उतरला आणि नुसताच उभा राहिला.

उन्हाने छप्पर तडतडत होतं.

तेही थांबलं.

आणि मग...

कर्रर्र.

शेजारची सीट.

काकाच्या डोक्यावर गाडी हळूहळू डावीकडे दबली. दुखऱ्या अंगाचं माणूस दाराला धरून बेताबेताने बसतं, तशी.

नवे स्प्रिंग कधीकधी आपोआप दबतात, असं काकाने स्वतःला समजावलं. एवढ्यात गाडीच्या तळाच्या पातळ पत्र्यावर...

ठक ठक.

काकाने हाक मारली नाही. भीतीने नाही, हे तो मला पुन्हा पुन्हा सांगतो. हाक मारली तर ती निघून जाईल, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने फक्त पाना लावला. डोळ्यांना धार लागली होती, बोल्ट धड दिसत नव्हता. पहिला कसला. दुसरा त्याहून सावकाश. मनात सगळं ठरलं होतं. वर जायचं, काही विचारायचं नाही, मागे बघायचं नाही, गाडी सुरू करायची आणि तिला फिरवून आणायचं.

शेवटचा आटा बसला.

आणि आयुष्यभराची सवय... तोंडातून निघून गेलं.

"झालं, उतर."

डावी बाजू हळूच वर आली.

"नाही! झालं नाही! बस गं, बस!" काका ओरडत खड्ड्यातून वर चढला. गुडघे सोलवटले, त्याचंही भान नव्हतं.

सीट रिकामी. पोती दारापाशी. चाकावर चार बोटं.

फक्त डावीकडची काच खाली होती. काकू गेल्यापासून ती बंद होती, आणि तिचं हँडल इतकं जाम झालेलं, की काकाला दोन्ही हातांनी फिरत नव्हतं.

परवा मी गेले होते. म्हातारी तिथेच उभी आहे. तो शेवटचा बोल्ट काकाने पुन्हा सैल केलाय. बोल्ट सैल, म्हणजे गाडी बाहेर काढता येत नाही.

"कसून टाक ना काका," मी म्हटलं. "तिला फिरवून आणणार होतास ना?"

त्याने पान्यावरून फडकं फिरवलं.

"बोल्ट कसला, की ‘झालं’ म्हणावं लागतं," तो म्हणाला, आणि चहा ठेवायला आत गेला.

मी एकटीच उरले. काच खालीच होती. मी डाव्या चाकावरच्या फटीत हात घातला. चार बोटं गेली. रिकामी गाडी. वाईट वाटलं आणि, खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

हात काढणार, तेवढ्यात...

वरचा पत्रा माझ्या बोटांवर अलगद टेकला.

मी हात ओढून घेतला, पण काकाला हाक मारली नाही. मारली असती, तर तो पाना घेऊन धावत आला असता. मारायला हवी होती का, ते मला अजून कळत नाही.