अकरा रविवार, एक बगळा

फणसवाडीतल्या हितेंद्रच्या रद्दीच्या दुकानात ॲलिसन शिरली, तेव्हा एक तरुण डोळे मिटून रिकाम्या बाटलीचा वास घेत होता.

साधासुधा वास नव्हे. आईने तान्ह्या बाळाची टाळू हुंगावी ना, तसा. बाटली तपकिरी, जाड काचेची, आणि पोटावर उठावाचा एक बगळा, एका पायावर उभा.

"रिकामी आहे ती," ॲलिसन म्हणाली. "कितीही ओढलंत तरी काही येणार नाही."

त्याने एकच डोळा उघडला. "येतंय. थोडंसं."

"ते फिनेल असेल. हितेंद्रभाई सगळ्या बाटल्या धुतो. द्या इकडे, मला हवी आहे."

"मलाही हवी आहे. आणि हातात माझ्या आहे."

"तुमचं हुंगून झालं. मला वर्षभर वापरायची आहे."

आता दुसराही डोळा उघडला. दोन्ही एकदम बघायला लागले तेव्हा ॲलिसनला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली. ठाकूरद्वारच्या चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांचे डोळे तपासायची, डोळ्यांचं तिला अप्रूप नव्हतं. पण हे डोळे... असो.

"बिअरच्या बाटलीत वर्षभर काय ठेवता?"

"मसाला. आम्ही ईस्ट इंडियन, मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटतात आणि अशा बाटल्यांत ठासून भरतात. उजेड लागला की रंग जातो त्याचा. मम्मी म्हणते, बगळ्याच्या काचेत जसा राहतो तसा कशातच नाही. आमच्याकडे बारा होत्या, परवा एक फुटली." मग तिने विचारलं, "आणि तुम्ही? बाटल्या हुंगत फिरता?"

"मी धनेश. लालबागचा. परळला जुन्या गिरणीच्या आवारात बिअर बनवतात, तिथे मी बनवणारा." तो किंचित ओशाळला. "आमच्याकडे गिरणगावातली म्हातारी मंडळी येतात. घोट घेतात, तोंड पुसतात आणि म्हणतात, बरी आहे, पण बगळा नाय. माझे आजोबाही तेच म्हणायचे. गटारीला चौघांत एक बगळा आणायचे आणि त्याचा फेस बोटाने माझ्या ओठाला लावायचे. ती बगळा बिअरची कंपनी बंद पडली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ती चव पुन्हा करायची आहे, पण चाखायला कुठे एक थेंब नाही."

आणि इथे ॲलिसनने ती चूक केली. नुसती फुशारकी मारायची म्हणून बोलून गेली, "आमच्या घरी भरलेली आहे. सीलबंद."

धनेशने हातातली बाटली तिच्या पिशवीत अशी अलगद ठेवली, जणू तिच्यासाठीच आणली होती.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून ती घरी येते तो हा, हितेंद्रभाईकडून पत्ता काढून, खोताच्या वाडीत, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. जिन्याला लागून डॅडींच्या वाइनच्या बरण्या ओळीने मांडलेल्या. जांभळाची, आल्याची, बिटाची. डॅडी, म्हणजे ऑस्वाल्ड, गोदीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून बरण्यांतच रमले होते.

"बगळा बघायला आला?" डॅडींचा चेहरा उजळला. त्यांनी कपाटातून ॲलिसनच्या बाप्तिस्म्याचा फ्रॉक काढला. फ्रॉकच्या आत बाटली. "ही जन्मली त्या दिवशी दोन आणल्या होत्या. एक तेव्हाच प्यायलो. दुसरी हिच्या लग्नात उघडणार. तोवर हात नाय लावायचा कोणी."

धनेशने बाटली खिडकीपाशी नेली, उन्हात धरली, जरा तिरकी केली. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकून गेलं. ॲलिसनला वाटलं, भक्ती.

बाटली त्याने पुन्हा फ्रॉकमध्ये गुंडाळली. "अंकल, चव कशी होती, सांगाल? मी बनवून आणतो, तुम्ही चाखून सांगा."

"किती वेळा आणशील?"

"जमेपर्यंत."

"नाहीतर हिचं लग्न करा लवकर," स्वयंपाकघरातून ॲलिसनची मम्मी, फ्लोरीआंटी, ओरडली, "म्हणजे उघडेल ती आणि मला माझी बाटली मिळेल."

धनेशचे कान लाल झाले. ॲलिसनने ते पाहिलं, आणि जिना उतरताना त्याला गाठून विचारलंच, "फार घाई दिसते बाटली उघडायची?"

"नाही... म्हणजे, हो... म्हणजे — कोणाशी ठरलंय का तुमचं?"

"ठरलं असतं तर तुम्हाला बिअर मिळाली असती. बसा आता बनवत."

तर असे रविवार सुरू झाले.

तो यायचा दुपारी बाराला, कापडी पिशवीत थंड बाटली घेऊन. डॅडी घोट घेऊन छताकडे बघायचे. पहिल्या रविवारी, "पातळ." दुसऱ्या रविवारी, "भाकरीचा वास येतो." तिसऱ्या रविवारी त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, उठून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग म्हणाले, "नाय. लांब आहे अजून. पुढल्या रविवारी ये."

धनेश सगळं वहीत लिहायचा. लिहून झालं की जेवायला थांबायचा. जेवून झालं की निघता निघत नसायचा. मे महिन्यात मसाला आला तेव्हा फ्लोरीआंटीने त्याच्याच हातात लाकडी दांडा दिला. ॲलिसन नरसाळं धरायची, तो ठासायचा, दोघंही आळीपाळीने शिंकायची, आणि आंटी पाटावर बसून गुणगुणायची —

*बाटलीत गो मसाला, भरा दांड्यानं ठासून,*
*लेक जाईल सासरी, आई पाहील हासून...*

"कुठे जाईल गं तुझी लेक?" ॲलिसन म्हणाली.

"मला काय ठाऊक? लालबागला बस जाते ना थेट?"

दांडा थांबला. एक शिंक आली. कोणाची ते कळलं नाही.

अहोजाहो कधी गळून पडली, तेही कळलं नाही.

सातव्या रविवारनंतर तो चष्म्याच्या दुकानात उगवला. डोकं दुखतं म्हणे. ॲलिसनने त्याला अंधाऱ्या खोलीत खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, आणि दोघांमध्ये वीतभर अंतर उरलं.

"खालची ओळ वाच."

"दिसत नाही."

"खोटं बोलतोस. सिक्स बाय सिक्स आहे. ठणठणीत."

"मग समोरचं माणूस इतकं अंधूक का दिसतं?"

"फार जवळ आलंय म्हणून."

तो हसला नाही. श्वास घेतला, काहीतरी ओठांवर आणलं... ॲलिसनने हातातली टॉर्च जरा खाली घेतली. आणि तो म्हणाला, "अंकलना... कडवटपणा कमी वाटला का गं या खेपेला?"

टॉर्च विझली. तिनेच विझवली.

बाहेर काउंटरवर फ्रेम विकणारी तिची मैत्रीण पूर्वी सगळं ऐकून होती. "त्याचा डोळा बाटलीवर आहे, बाई. तुझ्यावर नाही. तुझ्याच डोळ्यांचा नंबर काढ एकदा."

ॲलिसन हसली खरी, पण ते शब्द काट्यासारखे रुतून बसले. पुढचे रविवार ती धनेशकडे कमी आणि तो कुठे बघतो याकडे जास्त बघायला लागली. कपाटाकडे बघतो का? त्या फ्रॉककडे? चव सापडली की हा यायचा थांबेल? आणि थांबला, तर आपल्या दुपारचे बारा कसे वाजायचे?

अकराव्या रविवारी बाहेर पाऊस रिपरिपत होता. डॅडींनी घोट घेतला, छताकडे बघितलं, ग्लास खाली ठेवला.

"हाच," ते म्हणाले. "हाच बगळा."

फ्लोरीआंटीने टाळी वाजवली. धनेश मात्र नुसता उभा राहिला. मोठा आनंद व्हायला हवा होता त्याला, आणि तोंड तर असं झालं, जणू कोणी त्याची बसायची खुर्ची काढून घेतली.

"मग... झालं तर," तो म्हणाला. पिशवीची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "येतो, अंकल."

पुढल्या रविवारी येतो, असं म्हणाला नाही.

पुढल्या रविवारी आला नाही. बारा वाजले, एक वाजला, सुक्या मासळीचं कालवण गार झालं. डॅडी दाराकडे बघत होते.

मंगळवारी ॲलिसनची अर्धी सुट्टी. डॅडी आरामखुर्चीत डोळे मिटून होते. तिने कपाट उघडलं, फ्रॉकसकट बाटली पोटाशी धरली आणि भुरभुर पावसात परळची बस पकडली.

दुपारी तिथे गिऱ्हाईक नव्हतं. स्टीलच्या उंच टाक्यांमध्ये धनेश गमबूट घालून जमीन धूत होता. तिला बघितलं आणि पाइप तसाच वाहत राहिला.

"ॲलिसन? तू भिजलीस —"

"हे घे." तिने बाटली टेबलावर ठेवली. "उघड."

"ही? ही तर तुझ्या लग्नाची —"

"लग्नाबिग्नाची वाट नको बघूस. पी, चाखून बघ, तुझ्या वहीत लिही. आणि मग सांग मला. अकरा रविवार तू आमच्याकडे कशासाठी येत होतास? हिच्यासाठी असेल तर घेऊन टाक, माझं काही म्हणणं नाही. पण मला कळलं पाहिजे."

धनेशने पाइप बंद केला. एकदम शांत झालं. पत्र्यावर पाऊस तेवढा बोलत होता.

"हिच्यात काही नाही, ॲलिसन."

"म्हणजे?"

त्याने बाटली उचलून दिव्यासमोर धरली, खिडकीत धरली होती तशीच. "बघ. गळ्यापर्यंत असायला हवी, खांद्याच्या खाली उतरली आहे. बुचाला गंज चढलाय, त्यातून हवा गेली. तळाशी हा गाळ, आणि हे पिसांसारखे कण तरंगतात बघ. बिअर वाइनसारखी मुरत नाही गं. ती ताजीच प्यायची असते. ही तू बालवाडीत होतीस तेव्हाच गेली."

ॲलिसन बघत राहिली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांमधला केसाएवढा फरक ओळखणारी ती, आणि सत्तावीस वर्षं घरातली बाटली तिने उजेडात धरली नव्हती.

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्या रविवारी. तुमच्या खिडकीत."

"आणि तू बोलला नाहीस?"

"अंकल कसे बघत होते तिच्याकडे... कुठल्या तोंडाने सांगू? आणि सांगितलं असतं तर मला परत यायला निमित्त काय उरलं असतं?" आता त्याची नजर बाटलीवर नव्हती. "चव मी अंकलच्या आठवणीवरून शोधतच होतो, खोटं नाही सांगत. पण शनिवारी झोप यायची नाही, ती चवीपायी नाही. तुझ्या त्या नरसाळ्यापायी. त्या रविवारी अंकल 'हाच' म्हणाले आणि... मी घरी जाऊन रडलो गं. आई म्हणाली, बिअर जमली म्हणून कोण रडता रे?"

"मग या रविवारी का नाही आलास?"

"काय घेऊन येऊ? हात रिकामे होते."

"वेड्या," ॲलिसन म्हणाली, आणि ते रिकामे हात तिने आपल्या हातांत घेतले. थंडगार, ओले, धान्याचा वास येणारे. तिने डोळे मिटले आणि ते हुंगले. आईने तान्ह्या बाळाची टाळू हुंगावी तसे. "येतंय," ती म्हणाली. "थोडंसं."

संध्याकाळी दोघं वाडीत परतली तेव्हा बाटली धनेशच्या हातात होती आणि सांगायचं कसं याचा ताप दोघांच्या डोक्याला. डॅडी आरामखुर्चीतच होते.

"नाय ना उघडलीत?" त्यांनी विचारलं.

"डॅडी," ॲलिसन त्यांच्या पायाशी बसली, "एक सांगायचंय. वाईट वाटून घेऊ नका. ती बिअर..."

"खराब झालीय. मग?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"अरे, मी वाइन करणारा माणूस. मला बुचाचा गंज कळत नाय? तुझी दहावी झाली तेव्हाच कळलं होतं. पण तू जन्मलीस त्या दिवसाची बाटली ती. ओतून कशी देऊ?" त्यांनी धनेशकडे बोट रोखलं. "आणि तू! खिडकीपाशी तुझं तोंड बघितलं, समजलो, याला कळलं. म्हटलं, आता हा जाईल. नाय गेला. तेव्हाच ओळखलं, हा कशाला येतो ते."

"पण अंकल, मग अकराव्या रविवारची चव —"

"ती? ती बरी होती." डॅडी मिशीत हसले. "बगळा तिसऱ्या रविवारीच आला होता."

धनेश मटकन खाली बसला. "तिसऱ्या? तुम्हाला ठसका लागला होता तेव्हा?"

"ठसका कसला, मूर्खा! एक घोट घेतला आणि हिच्या जन्माचा दिवस आला समोर. पण हो म्हटलं असतं तर तू पुढल्या रविवारी आला असतास का? म्हणून नाय म्हणत राहिलो. आठ रविवार नाय म्हटलं. पोरगं तोंडच उघडेना! शेवटी फ्लोरी म्हणाली, आता हो म्हणून बघा, काय करतो."

"आणि रडला," ॲलिसन म्हणाली.

"आई गो!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मग ती आता ओतून टाका आणि बाटली द्या मला."

"लग्नाच्या दिवशी," डॅडी म्हणाले. "ठरलंय ते ठरलंय."

धनेश वही काढून तिसऱ्या रविवारचं पान शोधत होता. पान सापडलं, पण अक्षरं काही लागेनात. ॲलिसन त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती, फार जवळून.

"किती बनवू, अंकल?"

"ते हिला विचार. लग्नाला माणसं किती बोलावणार त्यावर आहे."

"आमच्याकडची की यांच्याकडची?" ॲलिसनने विचारलं.

"दोन्हीकडची."

धनेशने क्षणभर मनातल्या मनात अख्खं लालबाग आणि अख्खी खोताची वाडी एका मांडवात बसवून बघितली.

"मग," तो म्हणाला, "मोठी टाकी लावावी लागेल."