गुरुवारचे सात पेशंट

मिहिर आला होता चार्जर शोधायला, आणि अडकला दीडशे पेशंटांत.

घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, खोली तिसऱ्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यात. सुलक्षणा तिथे डोक्याला हात लावून बसली होती. एम.डी.चं शेवटचं वर्ष, थिसिस तोंडावर, आणि तिच्यासोबत मोजमापं घेणाऱ्या डॉक्टरची त्याच सकाळी बदली झालेली. तेवढ्यात दार ढकलून हा उंच, केस विस्कटलेला मुलगा आत आला, सॉरी म्हणाला आणि प्लगपाशी वाकला. इको वाचता येतो का, तिने विचारलं. येतो की, हृदयरोग विभागात नुकताच लागलोय, तो म्हणाला.

"मग चार्जर देते," सुलक्षणा म्हणाली, "पण फुकट नाही."

काम ऐकायला सोपं. व्हायरल तापाने बेजार होऊन आलेल्या दीडशे जणांचे इको दाखल झाले त्याच दिवशी काढून ठेवलेले होते. हृदयाचा उजवा भाग दर ठोक्याला किती मिलिमीटर सरकतो ते त्यावर मोजायचं, आणि पुढे कोण आयसीयूत गेलं, कोण चालत घरी गेलं, हे त्या आकड्यावरून आधीच कळलं असतं का ते तपासायचं. कळलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यात भरल्या वॉर्डात आधी कुणाकडे धावायचं ते ठरवता येईल. मागच्या वर्षी तिचा एक पेशंट सकाळी हसत चहा मागून दुपारी गेला होता. ते काही तिच्या मनातून जात नव्हतं.

अट एकच. प्रत्येक इको दोघांनी वेगवेगळा मोजायचा, एकमेकांना आकडे दाखवायचे नाहीत, त्यावर अवाक्षर काढायचं नाही. दोघांचे आकडे जुळले तर थिसिस, नाही जुळले तर वर्ष वाया. दीप्ती मॅडम, म्हणजे सुलक्षणाच्या गाईड, या बाबतीत भलत्याच कडक होत्या.

आता मला सांगा, दोन तरुण माणसं रोज दुपारी एका अंधाऱ्या खोलीत बसणार आणि कामाबद्दल बोलायला बंदी, मग ती बोलणार तरी कशाबद्दल? बाकी सगळ्याबद्दल! तो पार्ल्याचा, आई प्रत्येक भाजीत गूळ घालते अशी त्याची तक्रार. ही मालवणकडची, वडील गिरणीत होते, आता आपल्याच सोसायटीचे बिनपगारी सेक्रेटरी होऊन सगळ्यांना दम देतात. एकदा तिने डब्यातला बांगडा त्याच्यापुढे सरकवला. काटे काढता काढता त्याची अर्धी सुट्टी गेली.

"परीक्षा घेतेयस का माझी?"

"मिलिमीटर मोजतोस ना तू? मग काटे दिसत नाहीत?"

तो हसला... आणि ती त्याच्या बोटांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. ती डावखुरी, हे त्याने कधी हेरलं कुणास ठाऊक. आपलं काम संपलं की उठताना तो माउस डाव्या बाजूला ठेवून जायचा, न बोलता. खिडकीबाहेरच्या पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजायचा, आणि सुलक्षणाला वाटायचं, हे दीडशे पेशंट अडीचशे असते तर किती बरं झालं असतं.

शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, चहा पिता पिता मिहिर म्हणाला, "कोचीला दोन वर्षांची फेलोशिप मिळतेय. सोमवारी पाचच्या आत कळवायचंय. अजून हो म्हटलं नाहीये..." आणि तिच्याकडे बघत थांबला.

जाऊ नकोस, तिच्या अगदी ओठावर आलं. तोंडातून मात्र निघालं, "झकास. जा ना. असा चान्स परत येतो थोडाच?"

"हो ना," तो म्हणाला. मग दोघांनी आळीपाळीने त्या दिवसाचे सात पेशंट मोजले आणि छत्र्या उघडून दोन दिशांना चालते झाले. घरी जाताना सुलक्षणाने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. पण फोन करून सांगेल तर ती सुलक्षणा कसली!

सोमवारी दुपारी तीनला मॅडमनी दोघांचे तक्ते उघडले. एकशे त्रेचाळीस पेशंटांचे आकडे छान जुळलेले, फरक फार तर मिलिमीटरभर. सात मात्र चारचार, पाचपाच मिलिमीटरने हुकलेले. सातही गुरुवारचे. मॅडमनी दोघांना दोन खोल्यांत बसवून ते सात पुन्हा मोजायला लावले. नवे आकडे जुळले. जुने मात्र त्यांच्याशी ना तिचे जुळत होते, ना त्याचे.

"म्हणजे दोघंही चुकलात," मॅडम म्हणाल्या, "तेही एकाच दिवशी."

थिसिस बचावला होता. आकडा कमी असलेले बहुतेक पेशंट खरंच आयसीयूत गेले होते. पण मोजमाप बदललं की कारण लिहून सही करायची, हा नियम. मॅडमनी दोघांपुढे एकेक कागद टाकला आणि बजावलं, लक्ष नव्हतं एवढंच चालणार नाही, का नव्हतं तेही लिहा.

सुलक्षणाने पेन उचललं. लाइट गेले होते असं लिहिता आलं असतं, डोकं दुखत होतं असंही. घड्याळात साडेचार झाले होते. आज इथे खोटं लिहिलं तर तो पाचला हो कळवणार आणि हिच्या हाती काही उरणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. तिने लिहिलं, 'मिहिर कोचीला जाणार म्हणाला. मला तो इथेच हवा होता, आणि मी जा म्हणाले.' खाली सही ठोकली.

मॅडमनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढून पुसला, कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि राउंडला जाते म्हणून निघून गेल्या. राउंड सकाळीच झाला होता.

मिहिरच्या कागदावर होतं, 'सुलक्षणा जा म्हणाली. ती थांब म्हणेल म्हणून मी उत्तर लांबवत होतो.'

दोघांनी एकमेकांचे कागद वाचले. मग तोच म्हणाला, "मग... आता काय कळवू?"

"फेलोशिप चांगली आहे?"

"फार."

"मग हो कळव."

त्याचा चेहरा पडला. ती पुढे म्हणाली, "आणि खाली लिही, जॉइन व्हायला पंधरा दिवस उशीर होईल. लग्न आहे."

कुणाचं, असं विचारायची त्याची छाती झाली नाही. त्याने फोन काढला, पण 'लग्न' हा शब्दच तीनदा चुकला, तेव्हा पाचला तीन मिनिटं कमी असताना तो मेल शेवटी सुलक्षणानेच लिहिला.