दुसरा ब्रेक

जिन्यावर दोन-दोन पायऱ्या ओलांडत येणारी पावलं वाजली आणि बाईंचं काळीज धावत सुटलं. लगोलग मनगटावरचं ठोके मोजणारं घड्याळही टुणटुणलं. थोरल्या लेकाने आकडा पाहिला, आईला खुर्चीत बसवलं आणि बेल वाजताच स्वतः दाराकडे धावला. बाहेर कुजबुज झाली, दार लागलं, तो परत आला. कोणी नव्हतं म्हणे, चुकून आले होते... पण ती पावलं बाईंनी झोपेतही ओळखली असती. ती त्यांची धाकटी लेक होती!

दोन वर्षांपूर्वी धाकटीने मनासारखं लग्न केलं, घरात रण माजलं आणि त्याच संध्याकाळी बाईंच्या हृदयाने ताल सोडला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी, त्याआधी निवांत बसून ठोके मोजायचे, फारच कमी भरले तर डॉक्टरांना फोन. हे सगळं बाईंनी निमूट पाळलं, एक गोळी चुकवली नाही. पण थोरल्याने आपल्या पदरचं पथ्यही जोडलं होतं. वाईट बातमी नको, वाद नको, रडणं तर नकोच नको. लेक आपल्याला विसरली या दुःखाने बाई उशीत तोंड खुपसून रडत, तेही बेताने, घड्याळाने चुगली करू नये म्हणून.

आज मात्र त्या उठून उभ्या राहिल्या. का घालवलंस तिला, एवढंच त्यांनी विचारलं.

थोरला म्हणाला, "तुझ्यासाठीच, आई... मी तिला बजावलंय, तू समोर आलीस तर आई हाती लागणार नाही. ती येते, दारातूनच तुझे ठोके विचारते आणि जाते."

ज्या पोरीला बाईंनी मनातल्या मनात निर्दयी ठरवलं, ती आईच्या जिवासाठी उंबऱ्याबाहेरूनच परतत होती!

"अरे, जन्मभर मी लोकांना गाडी शिकवली," त्या म्हणाल्या. "शिकवणाऱ्यासाठी असतो तो दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असायचा. पण तो मी सतत दाबून धरला असता, तर गाडी जागची हलली असती का? डॉक्टरांना मी स्वतः विचारलंय, रडले तर चालेल का म्हणून. गोळी चुकवू नका, चक्कर आली, छातीत दुखलं तर लगेच या, बाकी खुशाल रडा, म्हणाले. तुझ्या पायाखालचा ब्रेक सोड आता."

त्यांनी खिडकी उघडली आणि शिकाऊ ड्रायव्हरांना घाम फोडणाऱ्या त्या जुन्या आवाजात रस्त्यावर हाक टाकली, "मागे घे! सरळ घरात!"

धाकटी आली ती उंबऱ्यातच थबकली. तिचे डोळे आईच्या मनगटावर खिळले होते. बाईंनी हात पुढे केला. "घड्याळाकडे काय बघतेस? तू मोज."

धाकटीने बोटं आईच्या नाडीवर ठेवली. "आई... फार वाढलेत गं."

"वाढणारच. दोन वर्षांनी लेक घरात येतेय. बस इथे, उतरतील सावकाश."

दोघी एकमेकींना बिलगून मनसोक्त रडल्या. घड्याळ टुणटुणत राहिलं. थोरल्याने ते हलकेच आईच्या हातातून काढलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून तोही पोरासारखा रडला.

संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली तेव्हा ठोके बरेच उतरले होते. थोरल्याने पाणी आणलं. बाईंनी डाव्या हाताने गोळी घेतली, कारण उजव्या हातात लेकीचा हात होता आणि तो सोडायला त्या काही तयार नव्हत्या.