मेथी पिणारा पंप

चंद्रावरच्या वस्तीत मेथी सुकत होती आणि तिच्या पाण्याची टाकी मात्र भरत चालली होती. पंप चालू होता. आवाज तर तो इतक्या उत्साहाने करत होता, की त्याच्यावर संशय घ्यायला कोणीही संकोचले असते.

"आबा, हा पंप वाफ्याला पाणी पाजतोय की वाफ्याचं पितोय?" दहा वर्षांच्या ओजूने विचारले. तिचे आजोबा वस्तीच्या वीजघरातले शास्त्रज्ञ. मेथीचे बी तिने पृथ्वीवरून पायमोज्यात घालून आणले होते आणि ते सगळे पेरून संपले होते. रोपे मेली, तर पुढचे यान येईपर्यंत सहा महिने नळीतून पिळून खायची तयार भाजी.

आबांनी टाकीत डोकावून पाहिले. "पितोय. पंपाला हात कोणी लावला?"

"मी," शेजारचे शिरीषकाका अभिमानाने म्हणाले. पृथ्वीवर ते अख्ख्या सोसायटीची वीज दुरुस्त करत. न विचारता. "त्याची पिन एकाच बाजूने बसते हो. बनवण्यातच चूक. काढून टाकली, वायरी थेट सॉकेटात खोचल्या. इथे आगपेटीला बंदी, म्हणून वायरी घट्ट बसवायला काडीऐवजी दातकोरणी लावली. आमचा फ्रिज असाच नऊ वर्षं चालला."

आबांनी वाकून त्या दातकोरण्यांकडे नीट पाहिले.

"शिरीष, तुझ्या पृथ्वीवरच्या घरातली वीज प्रत्यावर्ती (सारखी दिशा पालटणारी). सेकंदाला पन्नास वेळा पुढे, पन्नास वेळा मागे. तुझ्या फ्रिजला कुठली वायर कुठे याचं सोयरसुतक नव्हतं. इथली वीज सौरपट्ट्यांची. दिष्ट (एकाच दिशेने वाहणारी), म्हणजे डीसी. ऊन पडलं की पट्टीतले इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) एका टोकातून निघतात, तारेतून काम करत जातात आणि दुसऱ्या टोकाने परत येतात. बॅटरीचंही तसंच. म्हणून तर तिच्यावर अधिक-उणे लिहितात."

"आणि वायरींची अदलाबदल झाली तर?" ओजूने विचारले.

"या मोटरमधून वीज उलटी वाहते. मोटर उलटी फिरते. आणि हा दातेरी चाकांचा पंप उलटा फिरला, की पाणीही उलटं ओढतो."

"म्हणजे पिन एकाच बाजूने बसायची, ते..."

"मुद्दाम होतं."

शिरीषकाका स्वतःहून पंपापासून दोन पावले मागे सरले. वस्तीत हे प्रथमच घडत होते.

आबांनी बटण बंद केले, दोनदा तपासले. ओजूने वायरींच्या जागा बदलल्या. बटण चालू. नळी थरथरली आणि पहिला थेंब वाफ्यात पडला. चंद्रावरचा थेंब, तो अगदी सावकाश, फुरसतीने पडला.

ओजूने खिडकीबाहेर पाहिले. काळ्याभोर आकाशाखाली हजारो पट्ट्या आवाज न करता ऊन पीत होत्या.

"हे ऊन आठ मिनिटांपूर्वी सूर्यावर होतं," आबा हळूच म्हणाले. "आता पट्टीवर पडून ते तुझा पंप फिरवतंय."

"आणि पानावर पडून मेथी वाढवतंय," ओजू म्हणाली.

जेवणे होईपर्यंत पाने मान वर काढू लागली. ओजूने दोन रोपांना दोरा बांधला. "ही खुडायची नाहीत. बी धरायचं."

"कशाला गं?" काकांनी विचारले. ते पिन परत बसवत होते.

"मंगळावर ऊन असतं ना, आबा?"

"असतं. जरा कमी."

"मग पट्ट्या जास्त लावू."

काकांनी पिन सॉकेटात घातली. एकाच बाजूने बसली. मग त्यांनी खिशातून उरलेल्या दातकोरण्यांची डबी काढली आणि मुकाट्याने आबांच्या हातात दिली.