हिरव्या झावळ्या

"पाणी घोट्यापर्यंतच आहे. चला," रीम म्हणाली आणि तिघं ओहोटीच्या समुद्रात उतरली. धाकटा हेदी कुरकुरत होता, कारण घरी कुसकुस गार होत होता.

केरकेना बेटावर शेतासारखे समुद्राचेही तुकडे असतात. खजुराच्या झावळ्यांचं कुंपण रोवलं, की मासे त्याच्या कडेकडेने पोहत सापळ्यात शिरतात. म्हाताऱ्या हाज तिजानींनी आपला तुकडा गावातल्या मुलांना देऊन टाकला होता. त्या माशांवरच वाचनालय आणि फुटबॉलचं मैदान चालायचं. हाजना स्वतःला वाचता येत नव्हतं. रोज वाचनालयाच्या ओट्यावर बसून ते रीमकडून गोष्टी ऐकायचे.

यंदा मात्र सापळे रिकामे. "मासेच गेले," असं त्या तुकड्याचे राखणदार बशीरकाकांनी सांगितलं आणि पंचांनी वाचनालयाला कुलूप लावायचं ठरवलं. हाज तर घराबाहेर पडेनासे झाले. रीमला तेच सहन होत नव्हतं, म्हणून ती स्वतःच सापळा बघायला निघाली होती.

कुंपणापाशी तिघांतला नादिर थबकला. "या झावळ्या हिरव्या कशा?"

सगळं बेट हिवाळ्याआधी झावळ्या रोवतं, वसंतापर्यंत, म्हणजे आतापर्यंत, त्या काळ्या पडतात. या मात्र ताज्या होत्या! कुंपणाला भगदाड पाडून तिथून ही नवी रांग थेट शेजारच्या सापळ्याकडे नेली होती. आणि तो सापळा बशीरकाकांचा होता.

"पंचांना सांगू या," हेदी म्हणाला.

"तोवर काका उपटून टाकतील. मग आपणच खोटे," नादिर म्हणाला.

रीमने पहिली झावळी उपटून भगदाडात रोवली. तिघं झपाट्याने कामाला लागली. भरती सुरू झाली होती. पाणी कमरेला आलं, मग छातीला. तेवढ्यात बशीरकाकांची होडी दिसली! तिघं कुंपणाआड दबली. हेदीच्या हनुवटीला पाणी लागलं तसं रीमने त्याला कडेवर घेतलं. होडी अगदी जवळून गेली, पण काकांचं लक्ष आपल्याच सापळ्याकडे होतं.

सकाळी रीम पंचांना आणि हाजना घेऊन आली. मुलांचा सापळा माशांनी खळबळत होता.

"पोरांनी कुंपण मोडलंय," बशीरकाका ओरडले.

बशीरच्या सापळ्याकडे जाणाऱ्या रांगेतली एक हिरवी झावळी अजून उभी होती, तिच्यावर हाजनी हात फिरवला. "बशीर, वसंतात झावळ्या कोण रोवतं रे?"

काकांची मान खाली गेली. पंचांनी त्यांची राखण तिथल्या तिथे काढून घेतली आणि तिघांची पाठ थोपटली. हाजचे डोळे भरून आले होते.

"शाबास, पोरांनो," ते म्हणाले. "रीम, आपल्या अर्ध्या राहिलेल्या गोष्टीतला तो खलाशी अजून वादळातच अडकलाय. चल, आधी त्याला बाहेर काढ."