मोकळी ठेवलेली जागा

१९९८ साली मी होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत धातूंच्या चाचण्या करत होते. सकाळी बंगळूरच्या चिकपेटहून निघायचं, दोन बस बदलून जुन्या मद्रास रोडची धूळ खात पोचायचं आणि दिवसभर धातू तुटायची वाट बघायची, असं माझं काम. कंपनीनं नुकतंच परदेशातून एक यंत्र आणलं होतं. धातूची पावडर पातळ पसरायची, लेसरनं हवी तेवढी वितळवायची, वर पुन्हा पावडर. असा थरावर थर चढून अख्खा भाग तयार व्हायचा. हे यंत्र जयतीर्थ बघायचा. जर्मनीत शिकून आलेला, कमी बोलणारा इंजिनियर. दोघांच्याही घरी मराठी, म्हणून आम्ही आपसात मराठीच बोलायचो.

त्याचे भाग दिसायला सुरेख होते, पण टिकत नव्हते. भागांबरोबरच केलेली चाचणीची दांडी माझ्या मशीनमध्ये घट्ट धरून लाखो वेळा ओढायची आणि सोडायची. धातू असाच हळूहळू थकतो. जयतीर्थच्या दांड्या फार लवकर थकायच्या. तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं की दरवेळी तेच दिसे. आत एक पोकळी, आणि तिथूनच निघालेली भेग.

पावडर नीट वितळली नाही तर पोकळ्या राहतात, यात नवल नव्हतं. पण त्या वेड्यावाकड्या असतात, जागोजागी विखुरलेल्या असतात. इथं एकच असायची. मोहरीएवढी, गोल, आणि आतून गुळगुळीत. वर्षानुवर्षं पाय लागून झिजलेल्या पायरीसारखी.

बंद धातूच्या आत काय झिजवणार?

मी जयतीर्थवर नजर ठेवायला लागले. यंत्राच्या खोलीच्या काचेतून एकदा स्पष्ट दिसलं. भाग अर्धा झाला, की तो स्वतः लेसर क्षणभर थांबवत होता.

जेवायच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. "पोकळी तू मुद्दाम सोडतोस?"

त्यानं दहीभाताचा डबा बंद केला. "एकच, अक्का. स्वल्प."

"कशाला?"

"जागा ठेवावी लागते. नाही ठेवली तर ते दुसरीकडं जातं."

"ते म्हणजे?"

"ठाऊक नाही मला. सुरुवातीला ठेवत नव्हतो. तेव्हा त्या खोलीत चांगल्या वस्तू तुटायच्या."

एवढं बोलून तो हात धुवायला गेला. माझा संशय पक्का झाला. दुसऱ्या कुठल्या कंपनीनं याला फितवलं असणार. हे भाग एका लहान विमानाच्या पंखांना जोडायचे होते, आणि ते योग्य आहेत अशी सही मला करायची होती.

तो नात्यातल्या एका लग्नाला उडुपीला गेला, तेव्हा मी यंत्र स्वतः चालवलं. मध्ये कुठंही न थांबवता. एक्स-रे काढले. सगळे भाग आतून भरीव, निर्दोष. त्यांतली दांडी माझ्या मशीनवर चढवली, ती तुटायचं नावच घेईना. साहेब खूश झाले. मी सही केली.

मग एका दुपारी मशीन एकदम गप्प झालं. दांडी शाबूत होती. मशीनचाच मनगटाएवढा जाड दांडा मोडला होता. घडीव पोलाद, कित्येक वर्षं चाललेलं.

मोडलेल्या जागी पोकळी होती. गोल, गुळगुळीत. आता बोराएवढी.

"जुनं मशीन आहे," साहेब म्हणाले. मीही मनाला तेच सांगितलं.

जयतीर्थ परत आला. मोडलेला दांडा त्यानं पाहिला.

"विमानाचे भागही जागा न ठेवताच केले, अक्का?"

"हो. उद्या बसवतायत."

"मग आता ते कुठं जाईल?"

"नोकरी करायची असेल तर हे बोलणं बंद कर."

"सरी," तो कानडीत म्हणाला, ठीक आहे अशा अर्थानं.

थोड्या वेळानं काचेतून पाहिलं, तर तो यंत्रापुढं उभा होता. उजवा तळवा यंत्रावर टेकवलेला. ओठ हलत होते.

विमान उडालं. मी मैदानावर हजर होते. ते उतरलं, पुन्हा उडालं, पुन्हा उतरलं. सगळे भाग ठणठणीत.

त्यानंतरच्या आठवड्यात जयतीर्थच्या बायकोचा, पद्मावतीचा फोन आला. पाण्याची बादली उचलताना त्याचा उजवा हात मोडला होता.

मी इस्पितळात पोचले. डॉक्टर गोंधळलेले होते. "मनगटाजवळ हाड आतून पोकळ आहे," ते म्हणाले. "रोग दिसत नाही. कोणीतरी घासून काढल्यासारखं वाटतं."

मी जयतीर्थजवळ बसले. "काय केलंस तू?"

"विमानात माणसं बसतात, अक्का." त्यानं डोळे मिटले. "म्हटलं, इकडं ये."

नर्सनं दुपारचा एक्स-रे आणून दिला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात, सकाळच्या शेजारी धरला. दोन्हींवरची नावं ताडून पाहिली.

मनगटाजवळचं हाड आता भरीव होतं.

पोकळी कोपराच्या वर होती.